उपवासात मळलेले पीठ

जर्मनीत गुड फ्रायडेला दुकाने बंद असतात, शनिवारी ती उघडतात आणि रविवार-सोमवार पुन्हा बंद राहतात. त्यामुळे ईस्टरचे पाव घरी करणाऱ्यांची खरी धांदल गुरुवारी संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये दिसते. दुधा-लोण्याच्या फ्रिजमध्ये एका कोपऱ्यात ताज्या यीस्टच्या ४२ ग्रॅमच्या चौकोनी वड्या ठेवलेल्या असतात. एरवी त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण त्या संध्याकाळी अंडी आणि लोणी भरपूर शिल्लक असताना हे एवढेसे खोके मात्र रिकामे झालेले असते. श्टुटगार्टमध्ये राहायला लागल्यापासून मी यीस्टची वडी बुधवारीच आणून ठेवतो. माझा जन्म ख्रिस्ती घरातला नाही आणि चर्चमध्ये मी जातो तो बहुतेक वेळा पाहुणा म्हणूनच. ईस्टर माझ्याकडे आला तो ओव्हनच्या वाटेने, आणि तोही अशा शेजाऱ्यांच्या ओव्हनच्या वाटेने, ज्यांचे स्वतःचे घर इथून माझ्यासारखेच दूर आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक ग्रीक आजी राहतात. तळमजल्यावर पोलंडचे जोडपे आहे, त्यातली पत्नी माझ्याच कचेरीत काम करते. २०२२ साली युद्धामुळे आलेले एक युक्रेनी कुटुंब समोरच्या सदनिकेत आहे. उरलेले बहुतेक जर्मन आहेत आणि त्यांतले काही अजूनही स्वतः पाव भाजतात. ईस्टरच्या सुमारास जिन्यात जो वास भरून राहतो, तो या सगळ्यांचा मिळून असतो. प्रत्येकाच्या पावाचे नाव वेगळे, आकार वेगळा आणि त्यामागची गोष्टही वेगळी आहे. पण आकार बाजूला ठेवून पीठ हातात घेतले, तर मैदा, अंडी, लोणी, साखर, दूध आणि यीस्ट यांचाच तो गोळा निघतो. वेणी घातली की तो एका देशाचा होतो, उंच डब्यात घातला की दुसऱ्या देशाचा.

इतके साम्य का, याचे उत्तर उपवासात आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत (रविवार त्यात धरत नाहीत) मध्ययुगीन युरोपात मांस तर वर्ज्य असेच, पण अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. कोंबडीला मात्र या उपवासाचे सोयरसुतक नसते. हिवाळ्यात दिवस लहान असताना तिचे अंडी घालणे मंदावते आणि दिवस मोठा होऊ लागला की ते पुन्हा जोर धरते; म्हणजे माणसांनी अंडी खाणे सोडलेले असते, नेमक्या त्याच आठवड्यांत कोठारात अंड्यांची रास लागते. उपवास सुटला की ही रास कुठेतरी खपायला हवी. काही अंडी उकडून रंगवली गेली, काही वाटली गेली आणि उरलेली पिठात गेली. पाव इतका पिवळा, इतका जड आणि इतका लोणीदार होतो तो केवळ ऐपत दाखवण्यासाठी नव्हे. जे जे सोडले होते, ते सगळे एका गोळ्यात परत यावे, अशी त्यामागची रचना आहे. लोण्याचा हा निर्बंध लोकांना किती जाचत असे, याचा पुरावा नाताळच्या बाजूला सापडतो. १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांनी, काही रक्कम भरण्याच्या अटीवर, सॅक्सनीत उपवासाच्या काळातही लोणी वापरण्याची मुभा दिली. ते पत्र जर्मनीत आजही ‘लोण्याचे पत्र’ म्हणून ओळखले जाते आणि ड्रेस्डेनच्या श्टोलेन या नाताळच्या पावाचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख होतोच.

पश्चिमेकडच्या चर्चमध्ये हे नियम आता बरेच सैल झाले आहेत. माझे जर्मन शेजारी उपवासकाळात फार तर चॉकलेट किंवा बिअर सोडतात. ग्रीक आजींचे तसे नाही. पूर्वेकडच्या चर्चच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत उपवास आजही कडक आहे आणि आजी तो काटेकोरपणे पाळतात. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी त्यांच्या घरी अंडी लाल रंगवली जातात आणि त्याच दिवशी त्सुरेकीचे, म्हणजे ग्रीकांच्या ईस्टरच्या वेणीच्या पावाचे, पीठ मळले जाते. पण त्या पिठात अंडी आहेत, दूध आहे, लोणी आहे, म्हणून शनिवारच्या मध्यरात्रीपर्यंत त्यांना त्याचा कणही जिभेवर ठेवता येत नाही. आयुष्यभर त्यांनी हा पाव न चाखता केला आहे. गोडी पुरेशी आहे का, मसाल्याचा कडवटपणा वर येतो का, हे त्या वासावरून आणि हाताला लागणाऱ्या चिकटपणावरून ठरवत आल्या आहेत. मी त्या घरात जाऊ-येऊ लागलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुझा उपवास आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांनी पिठाचा एक तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून दरवर्षी त्या गुरुवारी चाखण्याचे काम माझ्याकडे असते. माझ्या मतावर त्यांनी पिठात कधी काही बदल केल्याचे मला आठवत नाही, तरी विचारल्याशिवाय त्या पीठ झाकून ठेवत नाहीत.

आजी लग्नाआधी, साठच्या दशकात इथे आल्या. १९६० साली पश्चिम जर्मनी आणि ग्रीस यांच्यात कामगार भरतीचा करार झाला आणि १९७३ साली भरती थांबेपर्यंत हजारो ग्रीक तरुण-तरुणी इथल्या कारखान्यांत आले. ‘पाहुणे कामगार’ म्हणून आलेल्या या लोकांनी काही वर्षांत परत जावे, अशी दोन्ही सरकारांची अपेक्षा होती. आजींना वसतिगृहात सुरुवातीला ओव्हनच नव्हता. महलेपी, म्हणजे या पावातला मसाला, त्या काळी गावाहून येणाऱ्याच्या ट्रंकेतून येई आणि ती इतकी जपून वापरली जाई, की पाव केवळ नावापुरता सुगंधी होई, असे त्या सांगतात. आता मात्र दोन रस्ते पलीकडच्या तुर्की दुकानात ती बारा महिने मिळते. तुर्की दुकानात ती का मिळावी, याचे मला प्रथम नवल वाटले होते. पण इस्तंबूलच्या बेकऱ्यांत महलेपी आणि मास्तिखा नावाचा सुगंधी डिंक घातलेली वेणी ‘पास्काल्या चोरेयी’ या नावाने, म्हणजे ईस्टरच्याच नावाने, वर्षभर विकली जाते आणि ती घेणारे बहुसंख्य लोक मुसलमान असतात. दोन देशांच्या राजकारणात काहीही चाललेले असो, आजी त्या दुकानदाराकडे महलेपी मागतात आणि तो त्यांना सणाच्या शुभेच्छा देतो.

महलेपी म्हणजे एका रानटी चेरीच्या कोयीतला गर. तांदळाहून थोडा मोठा, फिकट तपकिरी दाणा असतो आणि त्याला कडू बदाम व चेरी यांच्या मधला वास येतो. कुटून ठेवली तर हा वास फार लवकर उडतो, म्हणून ती अख्खी घ्यावी आणि मळण्याच्या अगदी आधी खलबत्त्यात कुटावी. एक किलो मैद्याला दोन चमचे पुरतात. त्यापुढे गेले की पाव कडवट होतो. मास्तिखा त्याहून हट्टी आहे. ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांत एका झुडपाच्या खोडाला उन्हाळ्यात चिरा पाडतात, त्यातून डिंक ठिबकतो आणि झाडाखाली पसरलेल्या पांढऱ्या भुकटीवर पडून घट्ट होतो. झाड भूमध्य समुद्राभोवती पुष्कळ ठिकाणी उगवते, पण असा डिंक फक्त याच बेटावर काढला जातो. या लागवडीची परंपरा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. हा डिंक तसाच कुटायला घेतला तर घर्षणाच्या उष्णतेने बत्त्याला चिकटून बसतो आणि तासभर घासूनही निघत नाही. म्हणून त्याचे खडे थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मग चमचाभर साखरेबरोबर कुटायचे. साखरेचे दाणे डिंकाला अलग ठेवतात आणि त्याची पांढरी, पाइनच्या लाकडासारखा वास असणारी पूड होते. बत्ता हातात घेण्याआधी आजी तो नळाखाली गार करून पुसून घेतात.

मळण्याचा क्रम मात्र कोणत्याही पुस्तकापेक्षा या स्वयंपाकघरात मला जास्त नीट समजला. साधारण एक किलो मैद्याला पाव किलोच्या आसपास साखर, दोनशे ग्रॅम लोणी आणि पाच अंडी असे प्रमाण असते. इतकी साखर यीस्टला सोसत नाही, कारण साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि यीस्टच्या पेशींना पाण्याची चणचण भासते. लोणी पिठातल्या चिवट धाग्यांवर थर धरते आणि ते एकमेकांना जोडू देत नाही. म्हणून आधी कोमट दूध, यीस्ट आणि मूठ-दोन मुठी मैदा यांचे सैल आंबवण करून ते फसफसू द्यायचे, मग अंडी, साखर आणि उरलेला मैदा घालून पीठ चांगले तिंबायचे आणि ते ताणले असता न फाटता पातळ पडदा धरू लागले की मगच मऊ लोणी थोडे थोडे करून मुरवायचे. लोणी घातल्यावर काही मिनिटे पीठ फाटल्यासारखे, पार बिघडल्यासारखे दिसते आणि नवशिक्याचा हात इथेच मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरावा लागतो. थोड्या वेळाने पीठ पुन्हा एकजीव होते, चकाकते आणि पुरणपोळीच्या कणकेइतके सैल असूनही परातीच्या कडा सोडू लागते.

त्सुरेकीची परीक्षा चवीपेक्षा तिच्या धाग्यांवर होते. चांगली त्सुरेकी सुरीने कापत नाहीत. ती हाताने ओढली की मोठमोठे, मऊ तंतू सुटत यावे लागतात, आणि ते सुटले नाहीत तर ग्रीक घरात तिला नुसता गोड पाव म्हटले जाते. हे तंतू भरपूर मळण्यातून येतात आणि वेणीचे पेड ओढून लांबवण्याच्या पद्धतीतून येतात. आजी पेड ओट्यावर पोळपाटासारखे दाबून लाटत नाहीत. दोन्ही टोके धरून तो हवेत हळूच झुलवतात, मध्ये जरा थांबतात, पीठ सैलावले की पुन्हा ओढतात. त्रिपेडी वेणी सैल हाताने घालायची, कारण पीठ फुगल्यावर घट्ट वेणी उकलून फाटते. वेणीच्या एका टोकाशी लाल अंडे रोवले जाते. अंड्याला आधी तेलाचे बोट पुसले नाही तर त्याचा रंग भोवतीच्या पावात उतरतो. लाल रंगाची पुडी आजी अजूनही ग्रीसहून मागवतात; इथल्या रंगाने अंडे गुलाबी होते आणि ख्रिस्ताच्या रक्ताची खूण असलेले अंडे गुलाबी असून कसे चालेल, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे.

भाजण्याच्या बाबतीत आमच्यात मतभेद आहेत. मी पावात थर्मामीटर खुपसतो आणि आत ९० अंश झाले की ओव्हन बंद करतो. आजी पाव उलटा करून त्याच्या तळावर बोटाने टिचकी मारतात. दोघांचा निकाल बहुतेक वेळा एकच येतो, आणि थर्मामीटरने पडलेल्या भोकाबद्दल बोलणी मात्र मला एकट्याला खावी लागतात.

परदेशातल्या ग्रीक माणसाची मोठी अडचण साहित्याची राहिलेली नाही, तारखेची आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, हा नियम दोन्ही पंथांना मान्य आहे. पण पश्चिमेकडे १५८२ साली ग्रेगरियन कालगणना आली आणि पूर्वेकडच्या बहुतेक चर्चनी ईस्टरपुरती जुनी ज्युलियन गणना आणि तिची चंद्राची कोष्टके कायम ठेवली. ज्युलियन पंचांग सध्या तेरा दिवस मागे चालते. त्यामुळे २०२४ साली इथला ईस्टर ३१ मार्चला झाला आणि आजींचा ५ मे रोजी, तब्बल पाच आठवड्यांनी. २०२६ मध्ये हे अंतर एका आठवड्याचे आहे: ५ एप्रिल आणि १२ एप्रिल. जर्मन सुट्ट्या अर्थातच पश्चिमेकडच्या तारखांना असतात. आजींचा गुड फ्रायडे हा बाकीच्या शहरासाठी कामाचा साधा शुक्रवार असतो. त्यांच्या मुलाला त्यासाठी रजा टाकावी लागते, नातवंडांना शाळेत विचारावे लागते, आणि गुरुवारी पीठ मळायचे तर ते कामावरून आल्यावर, संध्याकाळी सातला मळावे लागते. अशा वेळी सण कोणत्या दिवशी आहे हे घराबाहेरची कोणतीही गोष्ट सांगत नाही. दुकानातले चॉकलेटचे ससे केव्हाच अर्ध्या किमतीत निघून संपलेले असतात. त्या घरातला गुरुवार हा गुरुवार ठरतो तो ओट्यावर झाकून ठेवलेल्या परातीमुळे, आणि परदेशात सण टिकवण्यात बेकिंगचा वाटा एवढा मोठा का असतो, याचे मला पटलेले कारण हेच आहे. गाणी, मिरवणुका, शेजारपाजार यांना गाव लागते. पिठाला फक्त ठरलेला दिवस आणि ऊबदार कोपरा लागतो.

तळमजल्यावर चित्र निराळे आहे. पोलंडचा ईस्टर इथल्याच तारखेला येतो, त्यामुळे सुट्टीची अडचण नाही. अडचण माझी आहे, कारण मी पुरुष आहे. बाब्का हा बलकांनी पिवळा झालेला, खाचांच्या उंच साच्यात भाजलेला केकसारखा पाव असतो, आणि जुन्या पोलिश घरांत तो ओव्हनमध्ये असताना पुरुषांना स्वयंपाकघरात येऊ देत नसत, दारे आपटू देत नसत, बायका आपसांत कुजबुजत बोलत आणि पाव पिसांच्या उशीवर निववत, असे सांगितले जाते. माझ्या सहकारी बाई स्वतः रसायनशास्त्र शिकलेल्या आहेत आणि तरीही त्यांनी मला नम्रपणे बैठकीच्या खोलीत बसवले. या रिवाजात अंधश्रद्धा किती आणि अनुभव किती, हा विचार मी तिथे बसून केला. डझनावारी बलक आणि भरपूर लोणी घातलेल्या पिठाचा सांगाडा कमकुवत असतो. मधला भाग शिजून घट्ट होण्याआधी त्याला धक्का बसला किंवा गार वारा लागला, तर तो खरोखरच खाली बसतो. दार आपटू नये हा नियम शहाणपणाचा आहे. पुरुष नकोत हा नियम बहुधा दार कोण आपटतो याच्या निरीक्षणावरून निघाला असावा.

पवित्र शनिवारी हे जोडपे टोपली घेऊन पोलिश भाषेत प्रार्थना होणाऱ्या चर्चमध्ये जाते. टोपलीत उकडलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, किसलेले हॉर्सरॅडिश हे तिखट मूळ आणि लोण्याचे कोरलेले कोकरू असते, आणि बाब्काचा एक तुकडाही असतो. धर्मगुरू त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. टोपलीतले काहीही रविवारच्या सकाळपर्यंत खाल्ले जात नाही. म्हणजे इथेही पाव तयार आहे, घरात त्याचा वास भरला आहे आणि हात लावायचा नाही. मझुरेक नावाचा पातळ, वरून सुक्या मेव्याने आणि आटवलेल्या दुधाच्या घट्ट गोड थराने सजवलेला दुसरा प्रकार त्या करतात. तो तर दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय चांगला लागतच नाही.

जर्मन शेजाऱ्यांच्या वाट्याला मी थोडक्यातच जातो, कारण त्यांच्या हेफेत्सोप्फ या वेणीत मसाला नसतो, वर जाड साखरेचे दाणे असतात आणि ती इथे बाराही महिने नाश्त्याला मिळते. त्यांचे खास ईस्टरचे बेकिंग म्हणजे ओस्टरलाम, कोकराच्या आकाराचा केक. दोन अर्ध्या भागांचा पत्र्याचा साचा असतो (पलीकडे फ्रान्समधल्या अल्सासमध्ये तो भाजक्या मातीचा असतो), तो चिमट्यांनी जोडून पालथा उभा करायचा आणि कोकराच्या पायांकडून मिश्रण ओतायचे. साच्याच्या कानांच्या खाचांना लोणी आणि मैदा नीट लागला नसेल, तर केक बाहेर येतो आणि कान आत राहतात. पहिल्या मजल्यावरच्या बाई मिश्रण ओतण्याआधी मानेच्या जागी लाकडी काडी ठेवतात, म्हणजे मुंडके तुटत नाही. पिठीसाखर भुरभुरली की बाकीचे सारे दोष झाकले जातात. हा केक मला चवीला सामान्य वाटतो, पण मुलांच्या घरी त्याला पर्याय नाही.

युक्रेनी कुटुंब आले तेव्हा त्यांच्याकडे साचे नव्हते, ओव्हनही घरमालकाचा होता. त्यांचा ईस्टरचा पाव म्हणजे पास्का; ती उंच, दंडगोल असते आणि वर पांढऱ्या साखरेचा थर व रंगीत दाणे असतात. टोमॅटोचे आणि अननसाचे मोठे डबे धुऊन, आत लोणी लावलेला कागद बसवून त्यांनी पहिल्या वर्षीच्या पास्का भाजल्या. पुढे साचे विकत घेणे परवडू लागले, तरी डबे त्यांनी टाकले नाहीत. डब्यातली पास्का अधिक सरळ वाढते असे त्यांचे मत झाले आहे. ओव्हनमधून काढल्यावर ती मऊ उशीवर आडवी ठेवून हलके हलके फिरवत निववतात, नाहीतर स्वतःच्याच वजनाने तिची कंबर बसते. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ साली नाताळ २५ डिसेंबरला आणला, पण ईस्टर जुन्याच गणनेवर ठेवला. त्यामुळे आजींचा आणि त्यांचा सण एकाच दिवशी येतो आणि तिसऱ्या मजल्यावर त्सुरेकी व पास्का यांची देवाणघेवाण होते.

पर्यायी साहित्याबद्दल परदेशात राहणारे लोक फार चिंता करतात, असे मला वाटते. जर्मनीत मैद्याच्या पुड्यावर ४०५ किंवा ५५० असे आकडे असतात आणि ते मैद्यात खनिजांचा, म्हणजे पर्यायाने कोंड्याचा, अंश किती राहिला आहे हे दाखवतात. केकसाठी ४०५ आणि अशा जड पावांसाठी ५५० घेतला की काम भागते, कारण त्याचे पीठ जास्त चिवट होते. युक्रेनी पद्धतीच्या ताज्या चीजऐवजी इथले क्वार्क हे दह्यासारखे मऊ चीज फडक्यात बांधून रात्रभर टांगले की फरक ओळखू येत नाही. सुके यीस्ट वापरले तर सात ग्रॅमची दोन पाकिटे एका ताज्या वडीच्या जागी चालतात. महलेपीऐवजी व्हॅनिला घालणे मात्र मला मान्य नाही. त्याने पाव चांगला होतो, पण त्सुरेकी होत नाही. आणि ज्याला पर्याय नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. इतक्या साखरेचे पीठ फुगायला तीन-चार तास घेते. थंड घरात त्याहून जास्त घेते. घाईने यीस्ट दुप्पट केले की पीठ फुगते खरे, पण पावाला बिअरसारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. नोकरी करणाऱ्याने पीठ रात्री फ्रिजमध्ये ठेवावे, सकाळी वेणी घालावी आणि दुपारी भाजावे. आंबणे मंद झाल्याने चव उलट सुधारते. आजींना ही युक्ती मी सांगितली, तेव्हा त्यांनी “फ्रिजमध्ये?” एवढेच विचारले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकलेले पातेले होते.

बाजारात या पावांची घाई आता इतकी वाढली आहे, की सण येईपर्यंत त्यांचे अप्रूप संपते. १५९२ साली लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने मसालेदार गोड पाव फक्त गुड फ्रायडे, नाताळ आणि अंत्यविधी एवढ्याच प्रसंगी विकता येतील असा हुकूम काढला होता. आज त्याच शहरात क्रॉस काढलेले बन जानेवारीतच मांडलेले दिसतात. इटलीची कबुतराच्या आकाराची कोलोम्बा तर १९३०च्या दशकात मिलानच्या मोट्टा कंपनीने, नाताळच्या पानेत्तोने या गोड पावाची यंत्रे वसंतात रिकामी पडू नयेत म्हणून बाजारात आणली. कोलोम्बा मला आवडते, दरवर्षी एक विकत आणतो आणि मार्चमध्येच संपवतो. पण तिच्यात कोणाचा उपवास नसतो, तिच्याकडे पाहत कोणी थांबलेले नसते, आणि हा फरक जिभेला कळत नसला तरी घराला कळतो.

आजींच्या घरी शनिवारी मध्यरात्री चर्चमधून कंदिलात जपून आणलेली ज्योत येते, तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रॉस काढला जातो, आणि मग लाल अंड्यांवर अंडी आपटण्याचा खेळ होतो. ज्याचे अंडे शेवटपर्यंत फुटत नाही, त्याचे वर्ष चांगले जाते. त्यानंतर त्सुरेकी ओढली जाते. दोन दिवसांपूर्वी कच्चे पीठ मी चाखलेले असते, त्यामुळे तो पहिला तुकडा आजी मला देत नाहीत. तो त्या स्वतः घेतात, आणि मी नीट चाखले होते की नाही, हे तेव्हा सगळ्यांसमोर सांगतात.

२०२५ साली दोन्ही पंथांचा ईस्टर २० एप्रिललाच आला आणि इमारतीत एकाच गुरुवारी सगळ्यांचे ओव्हन चालू होते. पोलिश घरच्या ओव्हनचे बटण नेमके त्याच दिवशी निकामी झाल्यामुळे त्यांची बाब्का माझ्या ओव्हनमध्ये भाजावी लागली आणि मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आले. २०२७ मध्ये २८ मार्च आणि २ मे असे पाच आठवड्यांचे अंतर आहे, म्हणजे सगळ्यांना ऐसपैस वेळ मिळेल. पुढचा एकत्र ईस्टर १६ एप्रिल २०२८ रोजी आहे. त्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ माझा ओव्हन आपल्यासाठी राखून ठेवावा, असे आजींनी आताच सांगून ठेवले आहे.